गोचिडाचं औषध मधपेटीत घालायचं का?

(आष्टी येथे प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण. ज्या ताई सभेला येऊ शकल्या नाहीत त्यांच्यासाठी, आणि गटाच्या बैठकीत वाचून दाखवता यावं म्हणून, इथं छापत आहोत.)



आज कर्जमागणीचे जे अर्ज आले, त्यात दोन गटांचे अर्ज मधपेट्यांसाठी आहेत. मला त्याचा आनंद आहे. शेळ्या, कोंबड्या, पापड, शिलाई मशीन या पलीकडं जाऊन कुणीतरी नवा धंदा बघतंय. आपल्या भागात तूर आहे, करडई आहे, तीळ, सूर्यफूल, धने आहेत. बांधाला बाभळी आहेत, लिंब आहेत. आणि जालना तर बियाण्याचा जिल्हा. कांद्याचं बी धरणाऱ्याला मधमाशी लागतेच, कारण फुलावर माशी बसली नाही तर गोंडा नीट भरत नाही. म्हणजे मध विकायचा आणि फुलोऱ्याच्या दिवसांत पेट्या दुसऱ्याच्या वावरात भाड्यानं ठेवायच्या, अशी दोन्हीकडून मिळकत होऊ शकते.

पण अर्जावर बोलणं चालू असताना मागून एका मावशींनी विचारलं, "ताई, पेटीत किडे झाले की गोचिडाचं औषध पुठ्ठ्याला लावून आत ठेवतात म्हणे. आमच्या गोठ्यात बाटली पडलेलीच आहे. चालतं का?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. मी उत्तर आधीच सांगते: नाही, चालत नाही. पण नुसतं "नाही" म्हटलं की आपण ऐकत नाही, आणि ऐकूही नये. का नाही, हे कळलं तरच बाटलीकडं जाणारा हात थांबतो. म्हणून आज मी त्याच एका विषयावर बोलणार आहे.

पेटीतली गोचीड

गाईच्या, शेळीच्या कानामागं जशी गोचीड बसते, तसा मधमाशीच्या अंगावर एक बारीक कोळी बसतो. कोळी म्हणजे घरात जाळं करणारा नाही. मिरचीवर, वांग्यावर लाल कोळी येतो, पानं आखडतात, तुम्ही बघितलंय. त्या जातीचा हा. कोळी, गोचीड, विंचू ही सगळी आठ पायांची, एकाच मोठ्या कुळातली मंडळी. मधमाशीला सहा पाय असतात, ती कीटकांमधली. हा फरक ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

या कोळ्याचं नाव व्हरोआ. रंग तांबूस तपकिरी, अंग चपटं, रुंदीनं साधारण दीड मिलिमीटर, म्हणजे मोहरीचा दाणा चेपल्यासारखा. आपल्याला तो बारीक वाटतो. पण माशीच्या मानानं बघा, आपल्या पाठीवर बशीएवढी गोचीड चिकटली तर कसं होईल, तसं ते आहे.

तो वाढतो कसा ते नीट ऐका, कारण सगळं औषधाचं गणित त्यावर आहे. पोळ्याच्या कप्प्यात माशीचं पिल्लू वाढत असतं. कामकरी माशा त्या कप्प्यावर मेणाचं झाकण घालतात. झाकण पडायच्या थोडं आधी मादी कोळी गुपचूप आत शिरते. मग आत, बंद दाराआड, ती पिल्लाच्या अंगावर जगते आणि अंडी घालते. कामकरी माशीचं पिल्लू झाकणाखाली साधारण १२ दिवस असतं. माशी बाहेर आली की तिच्याबरोबर ती मादी आणि तिच्या तयार झालेल्या लेकीही बाहेर येतात, दुसऱ्या माशांच्या अंगावर चढतात आणि परत नव्या कप्प्यात शिरतात. नर माशीचं पिल्लू झाकणाखाली दोन-तीन दिवस जास्त असतं, म्हणून नराच्या कप्प्यात कोळी जास्त वाढतो.

पेटीत पिलावा भरपूर असेल तर कोळ्यांची संख्या महिन्याभरात दुप्पट होऊ शकते. आज १०० असतील तर पुढच्या महिन्यात २००, मग ४००, मग ८००. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखं. सुरुवातीला पेटी छान दिसते, मधही येतो. मग एकाएकी माशा कमी व्हायला लागतात. कोळी माशीचं अंग तर पोखरतोच, वर विषाणूही पसरवतो. पंख आखडलेल्या, चुरगळलेल्या माशा पेटीसमोर जमिनीवर सरपटताना दिसल्या तर समजा, घरात व्हरोआ चांगलाच बसलाय.

आपल्याकडं आणखी एक कोळी आहे, ट्रॉपिलेलॅप्स नावाचा. तो व्हरोआपेक्षा बारीक, लांबट आणि पळणारा. त्याचं मूळ घर म्हणजे आपलं आग्या मोहोळ. चिंचेला, वडाला, पाण्याच्या टाकीला आग्या मोहोळ लागलेलं आपण बघतोच. म्हणजे हा कोळी बाहेरून यायची वाट बघायला नको, तो आपल्या शिवारातच आहे. त्याची एक दुबळी बाजू आहे. मोठ्या माशीच्या अंगावर त्याला खाता येत नाही, त्याला पिल्लूच लागतं. पेटीत पिलावा नसेल तर तो थोड्याच दिवसांत मरतो.

ही माशी कोणती, आजार कुणाचा

तुम्ही म्हणाल, आमच्या आजोबांच्या वेळेलाही मोहळं होती, तेव्हा कुठं औषध घालत होते? खरंय. व्हरोआ मूळचा आपल्या आशियातल्या माशीचा, जिला आपण सातेरी म्हणतो. १९०४ मध्ये जावा बेटावरच्या अशाच माशीवर तो पहिल्यांदा नोंदला गेला. हजारो वर्षं दोघं एकत्र राहिली, म्हणून सातेरीला त्याची सवय आहे. ती एकमेकींच्या अंगावरचे कोळी काढते, आजारी कप्पे साफ करते. तिच्याकडं कोळी वाढतो तो नराच्या कप्प्यात, कामकरी माशीच्या कप्प्यात त्याचं फारसं जमत नाही.

मेलिफेरा ही माशी युरोपकडची. १९६० च्या दशकात हिमाचल प्रदेशातल्या नगरोटा इथं ती आपल्या देशात नीट रुजली. मध जास्त देते, पेटी सोडून सहसा पळत नाही, गाडीत घालून फुलोऱ्याच्या मागं नेता येते. म्हणून सगळीकडं तीच पसरली, आणि आपल्या अर्जात ज्या पेट्या आहेत त्याही मेलिफेराच्याच आहेत. पण हिला या कोळ्याची ओळख नव्हती. जुन्या घरच्या भाडेकरूनं नव्या घरात जाऊन मालकालाच बाहेर काढावं, तसं झालं. २००४-०५ च्या सुमारास पंजाब-हरियाणा भागात व्हरोआनं मेलिफेराच्या पेट्यांचं मोठं नुकसान केलं. मेलिफेरा घ्यायची तर कोळीही सांभाळावा लागतो, हे कर्ज घ्यायच्या आधीच माहीत पाहिजे. पेट्या विकणारा ही गोष्ट आपणहून सांगेलच असं नाही.

बाटलीत काय आहे

आता बाटलीकडं येऊ. गोठ्यातली गोचीड मारायला जी औषधं मिळतात त्यातलं एक आहे अमिट्राझ. १९६९ मध्ये इंग्लंडमध्ये ते तयार झालं. ते कोळी-गोचीड कुळातल्या जिवांच्या मज्जातंतूंवर चालतं. त्यांची पकड सुटते, ते गळून पडतात. आठ पायांच्या जिवांना ते जितकं लागतं, तितकं मधमाशीला लागत नाही. मघाशी सहा आणि आठ पायांचा फरक सांगितला, तो इथं कामाला आला. म्हणून जगात अनेक देशांत मधपेटीसाठीही अमिट्राझ वापरतात, हे मी लपवणार नाही.

दुसरं रसायन म्हणजे फ्लुव्हॅलिनेट. ते पिकावरच्या फवारणीत असतं आणि मधपेटीच्या पट्ट्यांतही असतं. तिसरं कुमाफॉस. तिन्ही माणसानं कारखान्यात बनवलेली, तिन्ही कोळी मारतात.

मग मावशींची बाटली का चालत नाही? चार कारणं आहेत.

पहिलं कारण: १२ दिवसांचं दार

गाईला औषध लावलं की गोचीड समोर असते, तिला औषध लागतं. पेटीतले पुष्कळसे कोळी मात्र मेणाच्या झाकणाखाली असतात. आज औषध टाकलं तर बाहेरचे मरतील, आतले सुखरूप राहतील आणि पुढच्या १२ दिवसांत बाहेर येतील. म्हणून मधपेटीसाठी बनवलेली पट्टी अशी असते की तिच्यातून औषध अगदी थोडं थोडं, कित्येक आठवडे बाहेर येतं. माशा तिच्यावरून चालतात आणि ते एकमेकींच्या अंगाला लावत जातात. ठरलेले आठवडे झाले की पट्टी काढून टाकायची असते.

पुठ्ठ्याला हे जमत नाही. पुठ्ठा पहिल्या दोन-चार दिवसांत भसाभस औषध सोडतो. पिल्लं मरतात, राणीला त्रास होतो, माशा बाहेर येऊन बसतात. मग औषध कमी कमी होत जातं आणि शेवटी नावालाच उरतं. म्हणजे सुरुवातीला माशांना जास्त आणि नंतर कोळ्यांना कमी. शिवाय त्या बाटलीत नुसतं अमिट्राझ नसतं. ते विरघळवायला पेट घेणारं, उग्र वासाचं द्रव्यही असतं. गाईच्या पाठीवर, उघड्या हवेत ते उडून जातं. बंद पेटीत ते कुठं जाणार?

दुसरं कारण: बोंडअळीचा धडा

२०१७ आठवतंय? कपाशीला गुलाबी बोंडअळी लागली. बीटी बियाणं होतं, अळी मरायला पाहिजे होती, तरी बोंडंच्या बोंडं किडली. जे विष अळीला मारत होतं, त्याला तिनं दाद देणं बंद केलं होतं. कोळ्याचंही तसंच होतं. औषध थोडं पडलं की कमजोर कोळी मरतात, कणखर उरतात आणि त्यांचीच पोरं पुढं वाढतात. इटलीत १९९० च्या दशकातच फ्लुव्हॅलिनेटला न जुमानणारे कोळी सापडले. अमेरिकेत २०२४-२५ च्या हिवाळ्यात फार मोठ्या संख्येनं पेट्या ओस पडल्या. तिथल्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी मेलेल्या वसाहतींमधले कोळी तपासले, तर त्यांच्यात अमिट्राझला दाद न देण्याची खूण निघाली. त्यांच्याकडं तर बनवलेल्या पट्ट्या होत्या. आपण पुठ्ठ्यावर अंदाजानं औषध टाकायला लागलो, तर हेच आपल्याकडं होईल. आणि एका बाईच्या पेटीतला कोळी तिथंच राहत नाही. कमजोर पेटीतला मध लुटायला शेजारच्या माशा जातात आणि कोळी अंगावर घेऊन घरी येतात. म्हणजे चूक एकीची आणि भुर्दंड सगळ्यांना.

तिसरं कारण: मध आणि मेण

आपल्या मधाचं भांडवल एकच आहे, गिऱ्हाइकाचा विश्वास. "बचत गटाचा मध, गावाकडचा मध" म्हणून लोक घेतात. आता एक हिशेब बघा. युरोपात एक किलो मधात अमिट्राझ जास्तीत जास्त ०.२ मिलिग्रॅम चालतं. आपल्याकडं सर्रास मिळणाऱ्या १२.५ टक्क्यांच्या बाटलीत, एका मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम अमिट्राझ असतं. म्हणजे त्या एका मिलीतलं सगळं औषध मधात उतरलं, तर ६२५ किलो मध त्या हद्दीपर्यंत जाईल. सगळंच्या सगळं मधात उतरत नाही, हे खरं. पण बाटलीतून "जरासं" ओतलं म्हणजे किती, याचा अंदाज यावा म्हणून सांगितलं. अमिट्राझ मधात हळूहळू मोडतं, पण मोडून जे घटक होतात तेही तपासणीत धरतात.

फ्लुव्हॅलिनेट आणि कुमाफॉस यांचं वेगळं आहे. त्यांना तेलकट, मेणकट वस्तू आवडते. ती मेणात मुरतात आणि वर्षानुवर्षं निघत नाहीत. मेण वितळवून परत मेणपत्रा करतात, तो नव्या पेटीत जातो, म्हणजे जुनं विष नव्या माशीच्या घरात. आणि आपले गट त्याच मेणाचं टाचांच्या भेगांचं मलम करायचं म्हणतायत. ते मलम आपल्याच लेकीबाळी पायाला लावणार आहेत.

२०१० मध्ये युरोपीय संघानं भारतीय मधाची आयात थांबवली होती. मधात औषधांचे अंश मिळतात आणि मध कुठून आला याची धड नोंद नाही, ही त्यांची तक्रार होती. २०११ मध्ये आयात परत सुरू झाली. आपण काही उद्या युरोपला मध पाठवणार नाही. पण मधे जो काळ गेला, त्यात ज्यानं काहीच घातलं नव्हतं त्या मधपाळालाही झळ बसली. बदनामी झाली की ती सगळ्यांची होते.

चौथं कारण: आपला स्वतःचा जीव

हे कारण मी शेवटी सांगते, पण माझ्या मते हेच सगळ्यात मोठं. पुठ्ठा औषधात बुडवणार कोण? आपणच. हातमोजे नाहीत, चूल शेजारी, लेकरू मांडीवर. अमिट्राझ कातडीतून आणि श्वासातूनही अंगात जातं. पोटात गेलं तर माणूस गुंगीत जातो, नाडी मंद होते, अंग थंड पडतं, श्वास मंदावतो. त्यावर ठराविक असा उतारा नाही. पण वेळेत दवाखान्यात नेलं आणि श्वास-नाडी सांभाळली, तर बहुतेक माणसं बरी होतात.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, कुणाच्या पोटात गेलं तर घरी उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. त्यातलं द्रव्य फुप्फुसात गेलं तर आणखी वाईट. दोन, लगेच १०८ ला फोन करा. तीन, बाटली बरोबर घेऊन जा आणि डॉक्टरांना दाखवा. या विषबाधेची लक्षणं पिकावरच्या काही फवारणीच्या औषधांच्या विषबाधेसारखी दिसतात, पण उपचार वेगळा असतो. बाटली दाखवली की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

२०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या घरांतल्या बायकांवर काय वेळ आली असेल, ते तुम्हाला मी सांगायला नको. "एवढ्याशानं काय होतंय" हे वाक्य आपल्या गटात बंद करू या. गोचिडाची बाटली गोठ्याच्या कोनाड्यात, लेकरांच्या हाताला येईल अशी असेल, तर आज घरी गेल्यावर पहिलं काम म्हणजे ती उचलून कुलपात ठेवा.

मग करायचं काय?

मोजायचं. आपल्या गटाचं काम कशावर चालतं? नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे. लेखे नसतील तर गट टिकत नाही. पेटीचंही तसंच आहे. कोळी किती आहेत ते माहीत नसताना औषध घालणं म्हणजे पासबुक न बघता पैसे काढायला जाणं.

मोजायला स्वयंपाकघरातली पिठीसाखर पुरते. रुंद तोंडाची बरणी घ्या, झाकणाच्या जागी बारीक जाळी लावा. पिलाव्याच्या चौकटीवरच्या माशा बरणीत घ्या, अर्धी वाटी, म्हणजे साधारण ३०० माशा. राणी त्या चौकटीवर नाही ना, हे आधी दोनदा बघा. वरून दोन चमचे कोरडी पिठीसाखर टाका, बरणी हळूहळू फिरवा, दोन मिनिटं थांबा. मग पांढऱ्या ताटलीवर बरणी उलटी धरून हलवा. साखरेनं कोळ्याची पकड सुटते आणि तो ताटलीत पडतो. वर थोडं पाणी शिंपडलं की साखर विरघळते आणि तांबूस ठिपके उरतात. ते मोजा, तीननं भागा. ६ निघाले तर १०० माशांमागं २. ९ निघाले तर ३. १०० मागं ३ च्या आसपास गेलं की हात-पाय हलवायची वेळ झाली असं मधपाळ धरतात. माशा मरत नाहीत, परत पेटीत सोडायच्या. बाकीच्या जणी त्यांना चाटून साफ करतात.

ट्रॉपिलेलॅप्स या पद्धतीनं नीट सापडत नाही, कारण तो पिलाव्यात असतो. त्यासाठी पिलाव्याची चौकट माशा झटकून पांढऱ्या ताटावर हलकीच आपटायची. पळणारे बारीक लांबट जीव दिसले की समजायचं.

मोजल्यावर औषधाआधीच्या गोष्टी करायच्या. नर माशीचा झाकलेला पिलावा, माशा बाहेर पडायच्या आत, कापून काढायचा. त्यात कोळी जास्त असतात, तेही त्याबरोबर जातात. कमजोर पेट्या वेळेत एकत्र करायच्या. पेटीचा तळ झाडून घ्यायचा. राणीला काही आठवडे पिंजऱ्यात ठेवून पिलावा थांबवण्याची पद्धतही आहे. ती ट्रॉपिलेलॅप्सवर चांगली चालते, पण ती शिकलेल्या माणसाकडूनच शिकायची.

एवढं करूनही आकडा खाली येत नसेल, तरच औषध. तेही जाणकाराला विचारून. डब्यावर मधमाशी असं लिहिलेलं नसेल तर ते मधमाशीचं औषध नाही, हा आपला सोपा नियम. आणि मध काढायच्या दिवसांत कधीच नाही. वरची मधकोठी उतरवल्यावर, फुलोरा संपल्यावर, आपल्याकडं बहुधा पावसाळ्यात. लिहिलेल्या दिवशी ठेवायचं, लिहिलेल्या दिवशी काढायचं. दरवेळी एकच औषध नाही. फॉर्मिक आम्लासारख्या पद्धती आपल्या देशात वापरतात, पण त्याची वाफ डोळ्याला आणि श्वासाला जाळते. ते प्रशिक्षणाशिवाय हातात घ्यायचं नाही.

विचारायचं कुणाला? आपल्या जिल्ह्यात खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे. परभणीचं कृषी विद्यापीठ आपल्याला लांब नाही. खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. त्यांच्या मधकेंद्र योजनेत ५० टक्के अनुदान आणि ५० टक्के आपला हिस्सा असतो, प्रशिक्षणही असतं. त्याची माहिती जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयात मिळते. पुण्यात १९६२ पासून मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षणाची केंद्रीय संस्था आहे. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे गाव २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, ते बघायला आपण कधीतरी जाऊ. तिथं डोंगर आहे, सातेरी आहे. आपल्याकडं सपाट वावर आणि कडक उन्हाळा. त्यांचं सगळं उचलून इथं आणता येणार नाही, पण नोंदी ठेवायची शिस्त नक्की आणता येईल.

अर्जाचं काय ठरवायचं

काही ताई म्हणाल्या, एवढी भानगड असेल तर अर्ज रद्द करा. मला तसं वाटत नाही. शेळीलाही आजार होतो, म्हणून आपण शेळी पाळायचं सोडलं नाही. लसीकरण शिकलो, पशुसखी तयार केल्या. आज गावात कुणाची शेळी लंगडली तर आधी पशुसखीला बोलावतात. उद्या मधपेटीसाठीही आपल्यातलीच एक बाई तशी तयार झाली पाहिजे.

म्हणून माझी सूचना अशी. दोन्ही गटांनी आधी प्रशिक्षण घ्यावं, मग कर्ज. पहिल्या वर्षी थोड्याच पेट्या. विकणाऱ्याला पेटी घेतानाच विचारायचं, कोळी किती आहेत, मागच्या वर्षी कोणतं औषध घातलं, मेणपत्रा कुठला. आणि पिठीसाखरेची चाचणी त्याच्यासमोर करून बघायची. तो आढेवेढे घेत असेल तर पेटी तिथंच ठेवायची. प्रत्येक पेटीची वही ठेवायची. त्यात तारीख, कोळ्यांचा आकडा, काय केलं, मध किती निघाला. कोणतंही औषध पेटीत ठेवायच्या आधी ते गटाच्या बैठकीत सांगायचं आणि इतिवृत्तात लिहायचं. ज्या पेटीत औषध आहे तिचा मध गटाच्या नावावर विकायचा नाही.

आणि पावसाळ्याचे आणि उन्हाळ्याचे चार महिने फुलं नसताना माशांना साखरेचा पाक घालावा लागेल किंवा पेट्या दुसरीकडं न्याव्या लागतील, तो खर्च अर्जात धरा. कोळ्याची चाचणी आणि उपचाराचा खर्चही धरा. आत्ताच्या अर्जात हे दोन्ही रकाने रिकामे आहेत. खर्च लपवून नफा दाखवला तर बँकेला फसवता येईल, पेटीला फसवता येत नाही.

मावशींनी प्रश्न विचारला म्हणून आज हा विषय निघाला. न विचारता त्यांनी बाटली वापरली असती, तर आपल्याला कळलंही नसतं. म्हणून सगळ्यांना विनंती, कोणतंही औषध असो, पिकाचं, ढोराचं, नाहीतर माशीचं, आधी बैठकीत विचारा.

आता अध्यक्ष ताईंनी ठराव मांडावा. प्रशिक्षणाला जायला कोण कोण तयार आहे, त्यांनी हात वर करा. नावं मी आत्ताच लिहून घेते.